आशाताईची चंची: सुती विणकामातलं एक प्रकरण

प्रकरण अमळनेरचं आहे. विणणारी माझी आत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली, आणि जिच्यासाठी विणलं ती तिची सून म्हणजे आमची वहिनी, तालुक्यातल्याच एका गावात आशा सेविका. वस्तू एकच, खांद्यावरून तिरपी घालायची छोटी विणलेली पिशवी, फोन-किल्ल्या-पैसे मावतील एवढी. मी स्वतः बरीच वर्षं विणतेय पण एखादी वस्तू डिझाईन करायची म्हणजे नेमकं काय काय ठरवावं लागतं हे मला एवढं स्वच्छ दुसरीकडे कुठे बघायला मिळालं नाही, म्हणून जसं झालं तसं सगळं लिहून काढतेय. आपल्याकडचं ऊन आणि आपल्याकडच्या दुकानात मिळणारा धागा या दोन गोष्टी धरून लिहिलेलं फार कमी सापडतं, तेवढ्यासाठी तरी हे कामाला येईल.

आधी गरज काय होती ते सांगते. आशा योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सुरू झाली, साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असं ते गणित, पण कागदावरचे हजार लोक म्हणजे प्रत्यक्षात गल्ल्या, मळ्यातली घरं, गावाबाहेरची वस्ती, आणि सगळं पायी. वहिनी साडी नेसते, साडीला खिसा नसतो. फोन दिवसभर वाजत असतो, कधी एखाद्या गरोदर मुलीच्या सासूचा, कधी सिस्टरचा, कधी लसीकरणाला कोणाचं बाळ आलं नाही म्हणून. खांद्यावर मोठी बॅग असतेच, तिच्यात रजिस्टर, गोळ्या, असं सगळं, फोन तिच्यात टाकला की तळाला जातो आणि हाताला लागेपर्यंत कट झालेला असतो. म्हणून मग फोन हातात नाहीतर ब्लाउजमध्ये खोचलेला, घामाने ओला. बाजारातून रेक्झिनची एक छोटी स्लिंग पर्स घेऊन बघितली होती तिने, पण मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळ-अमळनेर पट्ट्यात पारा ४४-४५ ला जातो तेव्हा दुपारी बाराला त्या रेक्झिनचा पट्टा मानेला असा चिकटायचा की कातडी लाल, घामोळं, आणि उन्हाळा संपेपर्यंत वरचा थर पापुद्र्यासारखा सोलून निघाला.

आत्याने पहिलं काम केलं ते मला फार आवडलं, तिने सुया काढल्याच नाहीत. वहिनीला म्हणाली, "तू त्याच्यात काय काय ठेवशील ते सगळं आण इकडे," आणि ते सगळं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. कव्हरसकट फोन दोनशे ग्रॅमच्या आसपास, मग घराच्या आणि स्कूटीच्या किल्ल्या, चिल्लर, घडी केलेल्या नोटा, एक पेन, एकूण साडेतीनशे ग्रॅमपर्यंत गेलं. मग फोन पट्टीने मोजला, साडेसोळा सेंटिमीटर लांब आणि पावणेआठ रुंद. मग वहिनीला उभं करून खांद्यापासून तिरपं कमरेपर्यंत दोरी धरली, आणि नंतर तिला मोठी बॅगसुद्धा घ्यायला लावली कारण छोटी पिशवी ज्या बाजूला येईल त्याच बाजूला मोठी बॅग आली तर दोन्ही एकमेकीवर आदळणार. आपण सगळ्याजणी आधी रंग बघतो, नमुना बघतो, आणि वापरणाऱ्या माणसाकडे सगळ्यात शेवटी येतो, इथे सुरुवातच तिच्यापासून झाली.

आकार कसा ठरला तर आत्याच्या आजीची चंची होती. जुन्या बायकांकडे असायची ती कापडी चंची आठवते ना, पान-सुपारी-चुना-काताची, तीन-चार कप्पे एकावर एक, घडी घालून दोरीने गुंडाळायची आणि कमरेला खोचायची. त्यातली अक्कल कप्प्यांमध्ये आहे, चुन्याची डबी सुपारीला लागत नाही आणि अंधारात नुसत्या हाताने चाचपून बरोबर हवं ते निघतं. आत्याने तेच उचललं, किल्ल्यांचा कप्पा वेगळा म्हणजे फोनच्या काचेला ओरखडा नाही, पैशांचा वेगळा, आणि फोनचा सगळ्यात खोल. घडीच्या जागी वरून खाली येणारी एक लांब जीभ. दोरीच्या जागी पट्टा.

आता धागा, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला.

आपल्याकडे विणकाम म्हणजे दिवाळी ते संक्रांत. कानटोपी, मफलर, लहान बाळाचं स्वेटर, बस. त्यामुळे गावातल्या दुकानात लोकर म्हणून जे ठेवलेलं असतं ते बहुतेक लुधियानाकडून आलेलं ॲक्रिलिक, स्वस्त, रंग सुंदर, धुवायला सोपं, थंडीत काहीच वाईट नाही. पण आत्याने ते पहिल्याच दिवशी बाद केलं. ॲक्रिलिक घाम पीत नाही, साध्या हवेत स्वतःच्या वजनाच्या दीड-दोन टक्केच ओलावा धरतं, कापूस साडेआठ टक्क्यांपर्यंत धरतो. म्हणजे मानेवरचा घाम पट्ट्याखाली तसाच साचून राहणार, रेक्झिनचंच दुःख परत. शिवाय कापूस ओला झाला की कोरड्यापेक्षा मजबूत होतो, घामाघूम होणाऱ्या पट्ट्याला याच्याहून चांगलं काय पाहिजे.

पण कापसाची दुसरी बाजू आहे. मेंढीच्या लोकरीच्या तंतूला मुळातच बारीक कुरळेपणा असतो म्हणून ती ताणली की परत जागेवर येते, कापसाच्या तंतूला तसा स्प्रिंग नाही. ताणला की ताणलेलाच राहतो. म्हणून सुती टोपीची बॉर्डर चार धुण्यात सैल पडते आणि म्हणूनच सुती विणलेल्या पिशव्यांचे पट्टे लांबत लांबत जातात. इंटरनेटवरचे बहुतेक पॅटर्न थंड देशातल्या बायकांनी लोकरीवर केलेले असतात, ते सुतात जसेच्या तसे उतरत नाहीत, आणि याचा राग सुईवर किंवा स्वतःवर काढण्यात अर्थ नाही, तंतूच वेगळा आहे.

सूत मिळवणं हे वेगळंच प्रकरण झालं. म्हणजे बघा, खानदेश कापसाचा मुलूख, १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला तेव्हा इथल्या काळ्या मातीतल्या कापसाला जगाच्या बाजारात भाव आला, अमळनेरला तर प्रताप मिलचा भोंगा ऐकून लोकांचे दिवस उजाडायचे. आजही जिनिंगमध्ये क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई निघते, १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि ट्रक भरून बाहेर जातात. आणि विणायला चांगलं सुती सूत मात्र गावातल्या दुकानात नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं. दुकानदाराचं म्हणणं कोणी मागतच नाही, आणि मागणार कसं, जे समोर दिसतच नाही ते कोण मागेल.

आत्याने आधी धुळ्याहून ओळखीच्या पॉवरलूमवाल्यांकडनं कोनवरचं सूत आणलं. धाग्याचं शिक्षण इथे आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. मागावरचं सूत बहुतेक एकपदरी असतं, एकाच दिशेने पीळ दिलेलं. मागावर ते ताणून बसवलेलं असतं, आडवं-उभं एकमेकाला धरून ठेवतं, म्हणून कापड सरळ येतं. विणकामात टाका मोकळा असतो, पिळाला उलगडायला जागा मिळते आणि तो पूर्ण तुकड्याला एका बाजूला ओढतो. आत्याचा नमुन्याचा चौकोन धुतल्यावर चक्क तिरपा झाला, कोपरे खेचून सरळ करावे तर परत तिरपा. मग चार पदर एकत्र धरून विणून बघितलं, तर पीळ नसल्यामुळे सुई कधी तीन पदर उचलते कधी चार, टाके फाटतात. मग तिने माळ्यावरनं टकळी काढली. तिच्या लहानपणी शाळेत सूतकताईचा तास असायचा, हात अजून विसरलेले नाहीत. दोन-दोन पदर मूळ पिळाच्या उलट दिशेने पिळले, दोन पीळ एकमेकाला तोलतात, धागा शांत होतो, आणि त्या धाग्याचा तुकडा अगदी सरळ आला. मला वाटतं प्रत्येक विणणारीने हे एकदा हाताने करून बघावं, दुकानातल्या गुंड्यावर चार पदरी का लिहिलेलं असतं ते त्यानंतर कोणी समजावून सांगावं लागत नाही.

पूर्ण पिशवीचं सूत टकळीवर पिळणं काही शक्य नव्हतं, म्हणून शेवटी जळगावहून चार पदरी निटिंग कॉटन आलं, मर्सराइज्ड. ही मर्सराइज्डची भानगडही सांगते कारण दुकानात दोन्ही प्रकार मिळाले तर कोणता घ्यावा कळत नाही. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने १८५० मध्ये पेटंट घेतलं, सूत कॉस्टिक सोड्यात बुडवलं की तंतू फुगून गोल होतो, मजबूत होतो, रंग जास्त पितो. पुढे ते ताणून धरून बुडवायला लागले तेव्हा चकाकीपण आली. बाळाच्या टोपडीला साधं मऊ कॉटन चांगलं, पण जिथे वजन लटकणार आणि रोज घासलं जाणार तिथे मर्सराइज्ड घ्यावं, त्याला लव कमी सुटते.

सुयांचा एक मुद्दा मध्येच सांगून टाकते. आपल्याकडच्या सुया जुन्या इंग्रजी नंबरच्या, नंबर वाढला की सुई बारीक, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर आणि ८ नंबर म्हणजे चार मिलिमीटर. अमेरिकन पॅटर्नमध्ये उलटं, नंबर वाढला की सुई जाड, तिकडची १० नंबर सहा मिलिमीटरची. व्हिडिओ बघून विणायला बसणाऱ्या कितीतरी मुलींचं काम इथेच बिघडतं. नेहमी मिलिमीटर बघा, नंबर सोडून द्या.

मग आत्याने तीन पट्ट्या विणल्या, एकाच सुताच्या, सगळ्या वीस सेंटिमीटर लांब आणि पट्टा असेल तेवढ्या रुंद. पहिली साधी, एक सुई सुलट एक सुई उलट, इथे एक सुई म्हणजे टाक्यांची एक ओळ. दुसरी सगळ्या सुया सुलट. तिसरी लिनन स्टिचची. तिन्ही धुवून वाळवून ओसरीतल्या खिळ्यांना टांगल्या आणि खाली प्रत्येकीला साडेतीनशे ग्रॅमचं ओझं, कुलपं आणि वजनाची मापं पिशवीत घालून, रात्रभर. सकाळी पट्टी लावली तर साधी वीसची चोवीसच्या पुढे गेलेली आणि कडा आत वळून तिची दोरी झालेली, दुसरी त्याहूनही लांब, आणि लिनन स्टिचची पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर वाढलेली. वहिनी ती दुसरी पट्टी हातात घेऊन म्हणे, "माय वं, हाऊ पट्टा ते गुडघालोंग ई जाई!" आणि बरोबरच होतं तिचं, पहिल्या पट्टीचाच हिशोब धरला तरी वीसला चार म्हणजे एकशेदहा सेंटिमीटरच्या पट्ट्याला बावीस.

लिनन स्टिच ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सम संख्येचे टाके. सुलट बाजूने एक टाका सुलट विणायचा, पुढचा टाका न विणता उलट टाक्यासारखी सुई घालून तसाच उजव्या सुईवर घ्यायचा पण धागा त्याच्या समोरून न्यायचा, असं करत शेवटचे दोन्ही सुलट. उलट बाजूने एक टाका उलट, पुढचा न विणता घ्यायचा आणि धागा त्याच्या मागून, म्हणजे तोही सुलट बाजूलाच येतो, शेवटचे दोन्ही उलट. प्रत्येक न विणलेल्या टाक्यावर धाग्याची एक छोटी आडवी दांडी पडते, आणि या दांड्या एकाआड एक बसून वरचं अंग अगदी मागावरच्या कापडासारखं दिसतं. घट्ट येतं, म्हणून सुई नेहमीपेक्षा जाड घ्यायची, आत्याने ८ नंबर घेतली. वेळ खातं हे मात्र खरं, कारण एका ओळीत निम्मेच टाके विणले जातात.

या दांड्या आडव्या, म्हणजे ओळीच्या दिशेने पडतात आणि त्या दिशेला कापड ताणू देत नाहीत. आत्याने टांगलेली पट्टी आखूड बाजूने सुरू केलेली होती, म्हणजे दांड्या पट्ट्याच्या रुंदीत आल्या. ती म्हणाली ओझं तर लांबीवर येणार आहे, मग दांड्या लांबीत का नकोत? म्हणून पट्टा आडवा विणला, लांबीचेच टाके घातले. दहा सेंटिमीटरला २६ टाके येत होते, ११० सेंटिमीटरला २८६, आणि बारा ओळींत अडीच सेंटिमीटर रुंदी झाली की टाके बंद. सरळ सुयांवर एवढे टाके मावत नाहीत, मोठी गोल सुई लागते, ती ऑनलाइन मागवली. असं केल्यावर दांड्या पट्ट्याच्या लांबीत गेल्या, आणि टाके घातलेली कड आणि बंद केलेली कड या दोन्ही पट्ट्याला दोन्ही बाजूंनी दोरीसारख्या धरून बसल्या. नमुन्याची पट्टी परत तशी आडवी विणून टांगली तर सकाळी मोजण्यात फरकच दिसेना. मला हा या पूर्ण कामातला सगळ्यात सुंदर निर्णय वाटतो. टाका तोच, सूत तेच, फक्त सुरुवात कोणत्या बाजूने करायची ते बदललं.

पिशवीचं अंग गोल न विणता दोन सपाट तुकड्यांत केलं कारण दोन्ही बाजूंची गरज वेगळी. अंगाकडची बाजू घामाची, तिथे लिनन स्टिच, ३० टाके, साडेअकरा सेंटिमीटर रुंद, १९ सेंटिमीटर वर जाऊन तसंच पुढे ९ सेंटिमीटर जीभ म्हणून. बाहेरच्या बाजूला फोनचा कप्पा, आणि तिथे आत्याने जाळी धरली, धाग्याचा वेढा घेऊन दोन टाके एकत्र विणायची साधी जाळी. कारण फोन उन्हात तापतो, कंपन्या स्वतःच ३५ अंशाच्या आत वापरा म्हणून सांगतात आणि आपल्याकडे सावलीतच त्याच्या वर असतं, मग जाड विणीत चारही बाजूंनी गुंडाळून ठेवला तर तो आणखी गुदमरणार. जाळी पसरते म्हणून तिथे ३० टाके चालले नाहीत, नमुना विणून २६ वर आले. फोनच्या कप्प्यावर, खालच्या अर्ध्या भागात, पैशांचा छोटा कप्पा, आणि किल्ल्यांचा कप्पा मागच्या तुकड्याला आतून, घट्ट विणीचा, कारण जाळीतून किल्लीचं टोक बाहेर येतं आणि साडीत अडकतं.

रंगावरून सासू-सुनेत थोडी खेचाखेच झाली. वहिनीला काळा हवा होता, मळ दिसत नाही म्हणून, आत्या म्हणे काळं उन्हात जास्त तापतं आणि पट्टा तुझ्या मानेवर आहे. शेवटी हळदी आणि विटकरी, लिनन स्टिचमध्ये दोन रंग एकेक ओळ आलटून पालटून घेतले की ठिपक्यांचं बारीक कापड दिसतं, आणि त्यात मळही फारसा उठून दिसत नाही. विटकरी सुताची लडी ओली करून पांढऱ्या फडक्यावर घासली तर रंग गेला. इथे शेजारच्या काकूंनी मिठाच्या पाण्यात भिजवायला सांगितलं, दुसरीने व्हिनेगर. हा समज आपल्याकडे घरोघरी आहे पण दुकानातून रंगवून आलेल्या सुती धाग्याचा रंग मिठाने किंवा व्हिनेगरने पक्का होत नाही. मीठ रंगवतानाच्या प्रक्रियेत वापरतात हे खरं, पण ते तेव्हाच. नंतर आपल्या हातात एकच उपाय, सुटणारा जादाचा रंग आधीच काढून टाकायचा. गरम पाण्यात, थोड्या साबणात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, आणि तरी येतच राहिला तर ते सूत अंगाला लागणाऱ्या वस्तूला वापरायचं नाही. इथे पाणी स्वच्छ झालं.

अस्तर आत्याच्या जुन्या सुती पातळाचं, धुवून धुवून मऊ झालेलं. आणि ओझं विणीवर टाकायचंच नाही असं ठरवून पट्ट्याची टोकं अस्तराच्या बाजूच्या शिवणीत घेतली, तीन-तीन सेंटिमीटर आत घालून मशीनवर चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण मारली. म्हणजे वजन पट्ट्यावरून अस्तरावर जातं आणि विण नुसती वरून बसते. झिप लावली नाही, एका हाताने उघडत नाही आणि वहिनीच्या दुसऱ्या हातात नेहमी काहीतरी असतं. जिभेला एक लाकडी बटण आणि क्रोशाच्या साखळीचा फास, पण बटण न लावताही जीभ खाली राहते, घट्ट विणीचं स्वतःचं वजन असतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तशी मी गेले होते, तेव्हा ही चंची तयार झाली होती आणि वहिनी ती घेऊनच फिरत होती. तिचं पहिलं मत, फोन दुसऱ्या रिंगला हातात येतो. मानेला लाली नाही. पावसाळ्यात फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग चंचीत ठेवायला लागली, कारण सूत पाणी पितं ते पितंच, त्याला इलाज नाही, आणि भिजलेली चंची दोरीवर टांगायची नाही, ओल्या सुताला स्वतःचंच वजन खाली ओढतं, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढून आडवी पसरायची. दिवाळीत आम्ही पट्टा मोजला, ११० चा ११२ झालेला, सहा महिने रोजच्या वापरात एवढं म्हणजे मी तरी सुती पट्ट्यात बघितलेलं नाही. पैशांच्या कप्प्याचं तोंड मात्र सैल पडलं, रोज दहावेळा बोटं घालून. त्यावर आत्याने क्रोशाने कडेभोवती घट्ट मुक्या टाक्यांची एक ओळ घातली आणि आता ते ठीक आहे. जाळी खालच्या बाजूला थोडी पोटासारखी फुगली आहे. पुढच्या वेळी जाळी खालून तीन सेंटिमीटर सोडून वर सुरू करायची असं तिच्या वहीत लिहिलेलं आहे.

मग जे नेहमी होतं ते झालं. महिन्याच्या मीटिंगला बाकीच्या आशाताईंनी चंची बघितली, मला पण, मला पण. घरातले सगळे आत्याच्या मागे लागले की विकायला काढ, इन्स्टावर टाक, दोनशे बायका घेतील, तुझा भाचा पेज बनवून देईल. आत्याने एक संध्याकाळ बसून हिशोब केला. सुताची किंमत, अस्तर, बटण हे काही फार नाही, पण तास धरले, लिनन स्टिचचे तास, आणि शेतात निंदायला जाणाऱ्या बाईची जी रोजची मजुरी आहे तेवढीच स्वतःला लावली, तरी जी किंमत आली ती कोणतीही आशाताई देणार नाही आणि तिने द्यावी असं आत्यालाही वाटत नव्हतं. मजुरी कमी लावून विकायचं तर आपणच आपल्या हाताला स्वस्त ठरवतोय, हे तिचं म्हणणं. आणि खरं कारण तिने मला नंतर सांगितलं, पन्नास सारख्या चंच्या विणायच्या म्हणजे पहिलीत जो विचार करायला मिळाला तो एकोणपन्नास वेळा मिळणार नाही, आणि मला तर त्याच्यासाठीच विणायचंय.

मी तिच्या बाजूने आहे, पूर्ण. ज्यांना यातून घर चालवायचंय त्यांनी जरूर चालवावं, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण बाईने हाताने काही चांगलं केलं की लगेच त्याला भावाचं लेबल लावायला धावायचं ही आपल्याकडची सवय मला बोचते. क्रिकेट खेळायला मैदानावर जाणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही की यातून मिळतं किती.

तिने दुसरा मार्ग काढला. ज्यांना हवी त्यांनी सूत स्वतः आणायचं आणि रविवारी दुपारी ओसरीत येऊन बसायचं, ती शिकवते. तिघी-चौघी येतात. पहिलं काम सगळ्यांना तेच, स्वतःच्या वस्तू काट्यावर ठेवायच्या आणि स्वतःच्या खांद्यावर दोरी धरायची, कारण प्रत्येकीचं ओझं वेगळं आणि उंची वेगळी. एका ताईचा उजवा खांदा दुखतो म्हणून तिची चंची डावीकडून पडते, जिभेचा फास उलट्या बाजूला गेला. दुसरीकडे दोन फोन आहेत, तिने कप्पा दुप्पट रुंद न करता दोन कप्पे मागे-पुढे केले आणि अंगाकडची बाजू ३२ टाक्यांची घेतली, तेवढ्याने भागलं. एकीला विणायचंच नव्हतं, तिने कापडाची शिवली, कप्प्यांची रचना तीच, आणि तीही छान झालीय.

आत्याची वही शाळेतल्या हजेरीच्या वहीसारखी आखलेली आहे. डाव्या रकान्यात ओळीचा नंबर, मध्ये टाके, सुलटला उभी रेघ, उलटला आडवी, न विणता घेतलेल्याला पोकळ गोल, आणि उजवीकडे तिथे तसं का केलं त्याचं कारण. माझ्या वहीत हा उजवा रकाना कधीच नव्हता. आता मी पण ठेवते, आणि सहा महिन्यांनी परत वही उघडली की इथे दोन टाके का कमी केले होते असा प्रश्न पडत नाही.

एका गोष्टीवर मात्र अजून दोघींचं जमलेलं नाही. वहिनीला पेनासाठी बाहेरून एक उभा कप्पा हवाय, पट्ट्याच्या बाजूला, उभ्या उभ्या नोंद करायला पटकन पेन निघेल असा. आत्याचं म्हणणं पेन उन्हात गळतं, शाई सुतात उतरली की निघत नाही, पेन अस्तर असलेल्या कप्प्यातच पाहिजे. वहिनी म्हणते मग त्या बाहेरच्या कप्प्याला पण अस्तर लावा, आई. आत्या म्हणते दीड सेंटिमीटर रुंद कप्प्याला अस्तर लावून दाखव तू, मग बघू. सध्या वहिनी पेन केसात खोचून फिरते आणि आत्याने वहीच्या नवीन पानावर दीड सेंटिमीटरची नळी गोल विणून काढायचं गणित मांडलंय, दोन्ही टोकं उघडी असलेल्या आखूड सुयांवर, आतून अस्तराऐवजी गळलेलं पेन बाहेर काढून धुता येईल अशी सुटी प्लास्टिकची नळी.